इनबोर्ड इंजिनाचं तापमान आणि ऑइल प्रेशर: नवख्यांसाठी काटे वाचायची रीत

जुलैच्या अखेरीला, मासेमारीची बंदी उठायच्या तोंडावर, मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरात जा. नव्यानं इंजिनावर बसलेला पोरगा मेकॅनिकला हमखास विचारत असतो, "काका, काटा कितीवर असला पाहिजे?" आणि मेकॅनिक हातातला पाना खाली न ठेवता सांगतो, "ऐंशी." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. शेजारच्या बोटीतल्या इंजिनाला ऐंशी म्हणजे तब्येत उत्तम, आणि तुमच्या इंजिनाला तेच ऐंशी म्हणजे पाणी कुठेतरी अडलंय, असंही असू शकतं. ऑइल प्रेशरचं तर त्याहून अवघड. तिथे एक आकडा सांगताच येत नाही. आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, इंजिन तापलेलं की गार, हे कळल्याशिवाय तो काटा काहीच बोलत नाही.

म्हणून आधी पुस्तकातले आकडे बघू, आणि मग आपल्याच बोटीचा आकडा कसा काढायचा ते. खरं काम त्या दुसऱ्या आकड्याचं आहे.

आधी इंजिन गार कसं होतं ते बघा

इंजिनाच्या खोलीत उतरा आणि समुद्राचं पाणी आत कुठून येतं तिथून पाइपाचा माग काढत जा. तळाच्या वॉल्व्हपासून जाळीच्या डब्यात म्हणजे स्ट्रेनरमध्ये, तिथून पंपात, आणि पंपातून पुढे कुठे जातं?

पुढे ते थेट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये शिरत असेल, तर तुमचं इंजिन खाऱ्या पाण्यावर गार होतं. छोट्या आणि जुन्या इंजिनांत ही पद्धत दिसते. अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून पाणी सोडणारी झडप, मुद्दाम कमी तापमानाचा, साधारण ६० अंशांच्या आसपासचा असतो. कारण साधं आहे. खारं पाणी त्याहून फार तापलं की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसू लागतात. एकदा थर बसला की गारवा कमी होतो, गारवा कमी झाला की थर आणखी वाढतो. अशा इंजिनावर काटा ५५ ते ६५ मध्ये असावा. ७५ दिसलं तर कारण शोधायला लागा.

पाणी एका आडव्या नळकांड्यात, म्हणजे हीट एक्सचेंजरमध्ये जात असेल आणि इंजिनावर कूलंट भरायचं झाकण असेल, तर आत गोडं पाणी फिरतंय आणि खारं पाणी फक्त त्याला गार करतंय. हल्लीच्या बहुतेक डिझेल इंजिनांची हीच रचना. इथे ७५ ते ९० अंश नेहमीचं. ८२च्या आसपास काटा स्थिर बसला की समजा, थर्मोस्टॅट नीट काम करतोय. बहुतेक इंजिनांचा धोक्याचा भोंगा ९५ ते १०० च्या दरम्यान वाजतो.

तिसरा प्रकार कील कूलिंगचा. यात खारं पाणी इंजिनाकडे येतच नाही. कूलंटच बोटीच्या तळाबाहेरच्या पाइपांतून फिरून येतं. तापमानाचा पट्टा हीट एक्सचेंजरसारखाच. मात्र बाहेरच्या पाइपांवर शिंपले आणि शेवाळ जमलं की काटा महिनोन् महिने हळूहळू चढत राहतो, आणि रोज बघणाऱ्यालाही ते जाणवत नाही.

जुन्या बाजारातलं किंवा परदेशी इंजिन असेल तर काटा फॅरनहाइटमध्ये असू शकतो. १४० म्हणजे ६० सेल्सिअस, १८० म्हणजे ८२, आणि २१२ म्हणजे १००. काचेवर एकदा रंगानं खूण करून ठेवली की दर वेळी डोकं खाजवावं लागत नाही.

ऑइल प्रेशर: कुठल्या वेळी किती

आपल्याकडे मेकॅनिक "अडीच किलो", "चार किलो" असं बोलतात. ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एक किलो, एक बार आणि १४-१५ पीएसआय हे व्यवहारात एकच धरायला हरकत नाही.

पंप ऑइल ढकलतो, पण प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटीतून ऑइलला अडखळत जावं लागतं म्हणून. फट रुंदावली, म्हणजे बेअरिंग झिजलं, की प्रेशर उतरतं. ऑइल पातळ झालं की उतरतं. ऑइल गार आणि घट्ट असलं की चढतं. एवढं डोक्यात बसलं की काट्याची बहुतेक वागणूक आपोआप उलगडते.

पहाटे गार इंजिन सुरू केलं की काटा पाच-सहा किलोपर्यंत जाईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वीसेक मिनिटांनी इंजिन तापलं की तो खाली येईल. तापलेल्या डिझेल इंजिनाला चालत्या वेगात ३ ते ५ किलो आणि न्यूट्रलमध्ये मंद गतीवर १ ते २ किलो, हा सर्वसाधारण हिशोब. जुना अंदाज असा की दर हजार आरपीएममागे निदान १० पीएसआय असावं. म्हणजे १८०० आरपीएमवर १८ पीएसआय, जेमतेम सव्वा किलो. हा तळ आहे. त्यावर बोट चालवत राहायचं नसतं.

आरपीएम वाढवला तरी एका जागी येऊन काटा थांबतो आणि वर जात नाही, हे बघून काहीजण पंप बिघडला म्हणतात. तसं नाही. जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ वॉल्व्ह तिथे उघडतो, आणि तो त्यासाठीच बसवलेला असतो.

स्टार्टर मारल्यावर पाच-दहा सेकंदांत काटा उठायला हवा. नाही उठला तर इंजिन बंद. "जरा थांबू, येईल" असं म्हणत रेस करून बघणं हा बेअरिंग खायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि पुढचं बिल सगळ्यात महाग.

तुमच्या बोटीचा आकडा काढा

इंजिन कंपनीचं मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा वरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. पण मॅन्युअल कारखान्यातल्या नव्या इंजिनासाठी लिहिलेलं असतं. तुमचं इंजिन दहा हंगाम जुनं असेल, गेज बदललेला असेल, पंखाही (प्रोपेलर) दुसऱ्या मापाचा असेल. म्हणून ज्या दिवशी सगळं ठीक आहे त्याच दिवशी त्याचे आकडे टिपून ठेवायचे.

वारा पडलेला आहे अशा सकाळी, बोट रिकामी असताना खाडीबाहेर काढा. निघण्यापूर्वी, इंजिन गार असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघा. ही तपासणी बोट पाण्यात सरळ तरंगत असतानाच करायची. किनाऱ्यावर वाळूत कलंडलेल्या बोटीत डिपस्टिकवरची खूण खोटी असते, आणि त्या खोट्या खुणेवर भरवसा ठेवून दोन लिटर ऑइल जास्त ओतणारे दर वर्षी भेटतात. मग सुरू करून प्रेशर टिपा. पंधरा-वीस मिनिटं चालवून तापमान स्थिर झालं की न्यूट्रलमधलं प्रेशर टिपा, नंतर १०००, १५०० आणि नेहमीच्या चालीचा आरपीएम, प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं थांबून दोन्ही काटे. आरपीएमचा मीटर नसेल, आणि आपल्याकडच्या कित्येक बोटींत तो नसतोच किंवा बंद पडलेला असतो, तर थ्रॉटलच्या दांड्याशेजारी ऑइलपेंटनं तीन खुणा करा आणि त्या खुणांवरचे आकडे लिहा. जाळं ओढताना पुन्हा एकदा. ओढीवर तापमान तीन-चार अंशांनी चढलं तर ते त्या कामाचं तापमान आहे, आजार नव्हे.

हे सगळं वहीत नको, वही भिजते. गेजशेजारी केबिनच्या फळीवर मार्करनं लिहा. खलाशी बदलतात, ड्रायव्हर बदलतो, फळी तिथेच असते.

आता फळीवर ७८ अंश आणि ३.५ किलो लिहिलंय आणि आज त्याच आरपीएमवर ८५ आणि ३ दिसतंय. दोन्ही आकडे मॅन्युअलच्या पट्ट्यात बसतात, भोंगा वाजणार नाही. तरी इंजिन तुम्हाला काहीतरी सांगतंय, आणि बंदरात असताना सांगतंय. तापमान चढलं म्हणून ऑइल पातळ झालं आणि म्हणून प्रेशर उतरलं, असा दोघांचा धागा एकच असण्याचा संभव मोठा. त्यामुळे आधी पाण्याच्या वाटेकडे बघायचं, ऑइल पंपाकडे नंतर.

तापमान चढू लागलं तर

पहिल्यांदा थ्रॉटल खाली आणि गिअर न्यूट्रलमध्ये. इंजिन लगेच बंद करू नका. पाणी फिरत असेल तर मंद गतीवर ते स्वतःच गार होतं, आणि एकदम बंद केलं तर आतली उष्णता तिथेच अडकून काटा आणखी वर जातो. कील कूलिंग नसेल तर ताबडतोब बोटीच्या बाजूनं पडणारी पाण्याची धार बघा. ओला एग्झॉस्ट असेल तर पाणी धुराबरोबर मागून पडतं.

धार नाही? मग मात्र इंजिन बंद. खडक किंवा किनारा जवळ असेल तर आधी नांगर टाका, मग इंजिनाच्या खोलीचं झाकण उघडा. इंजिनात डोकं घातलं की बोट कुठे वाहत चालली याचं भान राहत नाही.

धार नसण्याची कारणं पाण्याच्या वाटेनंच शोधायची. तळाच्या वॉल्व्हला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. हे आता इतकं नेहमीचं झालंय की कारणांच्या यादीत ते पहिलंच घ्यावं. इंजिन बंद झालं की ओढ थांबते आणि पुष्कळदा पिशवी आपोआप सुटते. मग स्ट्रेनर: वॉल्व्ह बंद करायचा, डबा उघडायचा, शेवाळ, काड्या, जेलीफिशचा लगदा काढायचा. झाकणाची रबरी रिंग नीट बसली नाही तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि तुम्ही स्वच्छ जाळीकडे बघत बसता. त्यानंतर इंपेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक. पाण्याशिवाय मिनिटभर फिरला तरी तो जळतो. पाती तुटलेली असतील तर मोजा. तीन कमी असतील तर ते तीन तुकडे पुढे हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी जाऊन बसलेत. नवा इंपेलर टाकून ते तुकडे तसेच ठेवले तर आठवडाभरात पुन्हा इथेच याल.

धार चांगली आहे आणि तरी काटा चढतोय, तर पट्टा (बेल्ट) बघा. कूलंटचा पंप पट्ट्यावर चालत असेल तर काटा चढायला ढिला पट्टाही पुरेसा आहे. मग कूलंटची पातळी, पण इंजिन निवल्यावरच. गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण उघडू नका. झाकणाखाली दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरवलं की दाब सुटतो, ते सगळं एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरून जाड फडकं धरा. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. कूलंट संपलंय आणि जवळ काहीच नाही, तर पिण्याचं पाणी. तेही नाही, तर घरी पोचण्यापुरतं खारं पाणी चालेल. पण पोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं आत धुऊन काढायचं.

काळा धूर आणि चढतं तापमान एकत्र दिसलं तर दोष बहुधा गारव्याचा नसतो. पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय, नाहीतर तळाला शिंपले बसून बोट जड झालीय.

आणखी एक. काटा अचानक खाली पडला आणि इंजिन मात्र जळकट वास मारतंय, तर वास खरा माना. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. कूलंट गळून गेलं की तो कोरड्या जागेत लटकतो आणि खुशाल साठ-सत्तर दाखवत राहतो.

प्रेशर पडलं तर

तापमान तुम्हाला काही मिनिटं देतं. ऑइल प्रेशर देत नाही. चालत्या बोटीत काटा एकदम शून्याकडे गेला किंवा लाल दिवा लागला, तर इंजिन बंद करायचं आणि विचार नंतर करायचा. याला अपवाद एकच: बंद केलं तर माणसं खडकावर जातील अशी जागा. तिथे इंजिन गेलं तरी चालेल.

मग डिपस्टिक. पातळी कमी असेल तर गळती शोधा, ऑइल भरा, सुरू करून दहा सेकंद बघा. लाटेवर बोट आडवी झाली की काटा क्षणभर पडतो आणि सरळ झाली की उठतो, हे जवळजवळ नेहमीच कमी ऑइलचं लक्षण. पंपाचं तोंड हवा ओढतंय.

पातळी वाढलेली असेल तर ती कमी असण्यापेक्षा वाईट बातमी आहे. ऑइल आपोआप वाढत नाही. ते दुधाळ चहासारखं दिसत असेल तर आत पाणी गेलंय. पातळ असून डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा किंवा इंजेक्टर गळतोय. दोन्हीत इंजिन सुरू करायचं नाही, ओढून न्यायला दुसरी बोट बोलवायची. खाऱ्या पाण्याचा पंप इंजिनाच्या गिअरवर बसलेला असेल तर त्याच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, दोन सीलच्या मधलं. त्यातून थेंब पडू लागले की सील गेलं. ते भोक रंगानं बुजलं असेल तर मोकळं करा, नाहीतर ते पाणी ऑइलमध्ये जायची वाट शोधील.

ऑइल बरोबर, पातळी बरोबर, इंजिनाचा आवाज नेहमीचा, आणि काटा शून्यावर: मग गेज किंवा सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. पण तो संशय इंजिन बंद ठेवून घ्यायचा.

दर हंगामाला थोडंथोडं उतरत जाणारं प्रेशर हे बेअरिंगच्या झिजेचं. घट्ट ऑइल घालून काटा वर आणता येतो, आणि सेकंड हँड बोट विकताना हे सर्रास केलं जातं. म्हणून विकत घेताना गार इंजिनावरचं प्रेशर बघून भुलू नका. तासभर पळवा आणि तापल्यावर न्यूट्रलमध्ये काटा कुठे बसतो ते बघा.

काट्यावर किती भरवसा ठेवायचा

खाऱ्या हवेत वायरीचं टोक हिरवं पडायला एक पावसाळा पुरतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे आणि भोंगा वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर संकटातही वाजणार नाही. भोंग्याची वायर "फार कटकट करतो" म्हणून काढलेल्या बोटी मी पुष्कळ पाहिल्यात, त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

सेन्सर बदलताना चुडीवर (आट्यांवर) टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली तर कित्येकदा अर्थिंग तुटतं आणि गेज काहीही दाखवतो. शिवाय अमेरिकन गेज आणि युरोपियन सेन्सर अशी जोडी जमत नाही. दोघांच्या ओहमचा पट्टा वेगळा असतो. घेताना जोडीनंच घ्या. पडताळणीसाठी तापमानाला इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला. तो थर्मोस्टॅटच्या घरावर, रंग दिलेल्या भागावर रोखा, कारण चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो. प्रेशरसाठी मेकॅनिकल गेज थेट ब्लॉकवर बसवून घ्या. त्याला वायर नाही, बॅटरी नाही.

थर्मोस्टॅट काढायचा का?

"आपल्याकडे थंडी कुठे, काढून टाक" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. ऐकू नका. पन्नास अंशांवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन पुरतं जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं, गाळ होतो, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी बायपासमधूनच फिरत राहतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवा, आत थर्मामीटर ठेवा. अंगावर छापलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडताना डोळ्यांना दिसतो. नाही उघडला तर नवा आणा.

बंदीच्या दोन महिन्यांत

१ जून ते ३१ जुलै बोट वर असते, तेव्हा पुढच्या दहा महिन्यांचं तापमान ठरतं. इंपेलर काढून ठेवा, नाहीतर पाती एका बाजूला वाकून तशीच राहतात. बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस रबर खातं. हीट एक्सचेंजरमधली, गंज स्वतःवर घेणारी झिंकची पेन्सिल अर्धी झाली असेल तर बदला. हंगामातही दोन-तीन महिन्यांनी बघा. नळ्यांत क्षार बसले असतील तर पातळ आम्लानं धुवायचं काम जाणत्याकडून करून घ्या, आणि त्याआधी झिंक काढायला सांगा.

कूलंट इथे बर्फासाठी नाही, गंजासाठी आणि उकळीसाठी. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी घातलं तर आतही तोच क्षार सुरू होतो. ऑइल आणि फिल्टर बोट वर घेतानाच बदला, खाली लोटताना नव्हे. जुन्या ऑइलमधलं आम्ल दोन महिने बेअरिंगवर बसू देण्यात फायदा नाही.

जमिनीवर इंजिन सुरू करून बघायचं असेल तर पिंपातून पंपाला पाणी द्या. इतके दिवस बंद असलेल्या इंजिनाला आधी स्टॉपचा दांडा ओढून थोडंथोडं स्टार्टर मारा, प्रेशर उठू द्या, मग सुरू करा. ओला एग्झॉस्ट असेल तर हे करताना समुद्राच्या पाण्याचा वॉल्व्ह बंद ठेवा. नुसत्या स्टार्टरनं सायलेन्सर पाण्यानं भरतो आणि ते पाणी मागे इंजिनात शिरतं. सुरू करण्यापूर्वी वॉल्व्ह उघडायला विसरू नका. चावी त्या वॉल्व्हला टांगून ठेवली की विसरता येत नाही.

बोटीवर कायम ठेवायचं ते असं: इंपेलर आणि त्याचं गॅस्केट, पट्टा, पाच लिटर ऑइल, पाच लिटर कूलंट, एक ऑइल फिल्टर, होज आणि क्लिपा, टॉर्च. व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ आणि कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर फळीवरच्या आकड्यांखाली लिहा. इंपेलरच्या झाकणाच्या स्क्रूला बसणारा पाना त्याच डब्यात चिकटपट्टीनं बांधून ठेवा, कारण अंधारात हलत्या बोटीत सापडत नाही तो नेमका तोच.